पुण्यात शिकताना पहिले घर: धनकवडीतला जुना फ्लॅट, वाघोलीतला नवा, की थोडे थांबावे?

भगवंतनगरी (प्रश्न)

नमस्कार. मी मूळची बार्शीची असून पुण्यात कर्वेनगर भागातील एका महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. सध्या पीजीमध्ये राहते आणि त्याचे दरमहा साडेनऊ हजार रुपये द्यावे लागतात. धाकटा भाऊ बारावीला आहे आणि पुढच्या वर्षी तोही बहुधा पुण्यातच प्रवेश घेईल. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असून येत्या मे महिन्यात ५८ व्या वर्षी निवृत्त होत आहेत. ते १९९३ मध्ये रुजू झाल्यामुळे त्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू आहे. उपदान (ग्रॅच्युइटी), भविष्य निर्वाह निधी आणि अंशराशीकरण (निवृत्तिवेतनाचा काही भाग आधीच एकरकमी घेणे) मिळून सुमारे ३६ लाख रुपये हातात येतील आणि त्यानंतर दरमहा चाळीस हजारांच्या आसपास निवृत्तिवेतन राहील, असा हिशेब त्यांना कार्यालयातून मिळाला आहे.

दोन मुलांच्या पीजीवर आणखी चार-पाच वर्षे पैसे घालवण्यापेक्षा पुण्यात माझ्या नावावर घर घ्यावे, अशी बाबांची इच्छा आहे. बार्शीत आमचे स्वतःचे घर आहे आणि आई-बाबा तिथेच राहणार आहेत. आम्ही आतापर्यंत दोन ठिकाणी जागा पाहिल्या.

पहिली जागा धनकवडीत आहे. १९९४ सालची चार मजली इमारत, लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावर ४३० चौरस फूट चटईक्षेत्राचा वन बीएचके आणि मालकांची अपेक्षा ४२ लाखांची. घर हवेशीर आहे आणि खालीच किराणा, दवाखाना, पीएमपीचा थांबा आहे. मात्र न्हाणीघराच्या छताला ओल आलेली दिसली. वरच्या मजल्यावरून पाणी झिरपते, असे शेजारच्या काकूंनी सांगितले. जिन्यातल्या फळ्यावर पाणी येण्याची वेळ लिहिलेली होती: सकाळी सहा ते साडेआठ.

दुसरी जागा वाघोलीत, बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात आहे. टू बीएचके, ५२ लाख, ताबा अडीच वर्षांनी. नमुना घर पाहून बाबा खूश झाले. मेट्रो येणार असल्यामुळे किंमत वाढेल, असे विक्री प्रतिनिधीने सांगितले. परंतु वाघोली माझ्या महाविद्यालयापासून शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे आणि ताबा मिळेल तेव्हा माझे शिक्षण संपलेले असेल.

तिसरा पर्याय मामांनी सुचवला आहे: एवढ्याच पैशांत सोलापुरात प्रशस्त घर घ्यावे आणि पुण्यात भाड्याने राहावे. घरात पहिल्यांदाच एवढा मोठा व्यवहार होत आहे आणि आम्हा कोणालाच त्याची माहिती नाही. जागा ठरवताना नेमके कशाला महत्त्व द्यावे, हे जाणकारांनी सांगावे.

खातेवही

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो असून नोकरीची बरीच वर्षे गृहकर्ज विभागात काढली आहेत. जागेविषयी इतर सदस्य लिहितीलच, पण कुठे घ्यायचे हे ठरण्याआधी किती रकमेचे घ्यायचे हे ठरले पाहिजे आणि ते तुमच्या बाबांच्या म्हातारपणाकडे पाहून ठरले पाहिजे.

४२ लाखांचे घर ४२ लाखांत पडत नाही. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क आणि त्यावरचे अधिभार मिळून ७ टक्के लागतात. खरेदीदार केवळ महिला असेल तर ६ टक्के. म्हणजे तुमच्या किंवा आईच्या एकटीच्या नावावर घेतल्यास २ लाख ५२ हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. मध्यस्थाची दलाली, वकिलांचे शुल्क, ओल काढणे, रंग, वायरिंग हे सगळे धरले की खर्च सहज ४७ लाखांवर जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के आणि ३० लाखांपर्यंतच्या कर्जात ९० टक्के रक्कम मिळू शकते, पण मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरला जात नाही. शिवाय बँक स्वतःच्या मूल्यमापकाने काढलेली किंमत पाहते आणि तीस वर्षांच्या जुन्या इमारतीत ती मालकाच्या अपेक्षेपेक्षा बऱ्याचदा कमी निघते. तेवढा फरक घरातून भरावा लागतो.

आता कर्ज फेडणार कोण, हे पाहा. तुम्हाला उत्पन्न नाही, त्यामुळे कर्ज बाबांच्या निवृत्तिवेतनावर मिळेल आणि त्यांच्या वयाच्या सत्तरीपर्यंत ते फिटावे, असा बहुतेक बँकांचा आग्रह असतो. २० लाख रुपये १२ वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे २२,२०० रुपये होतो. चाळीस हजारांच्या निवृत्तिवेतनातून तो गेल्यावर अठरा हजारांत दोघांचे घर, औषधपाणी आणि दोन मुलांचे शिक्षण भागवायचे आहे. ते मला अजिबात सुरक्षित वाटत नाही. आणखी एक बाब अशी की, घर तुमच्या नावावर असेल तर बँक तुम्हाला सहकर्जदार करून घेतेच. पुढे एखादा हप्ता थकला तर त्याची नोंद तुमच्याही पतअहवालात येते आणि नोकरी लागल्यावर तुम्हाला स्वतःसाठी कर्ज हवे असेल, तेव्हा हे कर्ज त्यात मोजले जाते.

माझा सल्ला असा आहे. निवृत्तीच्या रकमेतून किमान १५ लाख रुपये आई-बाबांसाठी बाजूला काढा आणि घराचा विचार उरलेल्या रकमेतच करा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एरवी वयाची साठ वर्षे लागतात, पण ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्यांना निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती गुंतवता येते. ही मुदत घर शोधण्याच्या गडबडीत हातची निसटते, म्हणून मुद्दाम लिहितो. व्याजदर ८.२ टक्के धरला, तर १५ लाखांवर दर तिमाहीला ३०,७५० रुपये येतात आणि गुंतवणुकीच्या दिवशी असलेला दर पाच वर्षे कायम राहतो.

या हिशेबाने ४२ लाखांचे घर आज तुमच्या आवाक्यात नाही. तुम्हाला दीड-दोन वर्षांत नोकरी लागेल. तोपर्यंत भावंडांनी मिळून वन बीएचके भाड्याने घ्यावा आणि नंतर तुमच्या पगारावर वीस वर्षांचे कर्ज घ्यावे. तेव्हा नोकरी पुण्यात आहे की हैदराबादला, हेही कळलेले असेल.

आंबेमोहर

मी वाघोलीत राहते. गाव २०२१ मध्ये महापालिकेत आले त्याच्या आधीपासून आम्ही इथे आहोत, म्हणून फक्त या भागापुरते लिहिते.

वाघोलीतली घरे त्याच पैशांत मोठी मिळतात, हे खरे आहे. यजमानांची नोकरी खराडीत आहे आणि त्यांच्यासाठी ही जागा सोयीची आहे. पण तुम्हाला रोज कर्वेनगर गाठायचे आहे. सकाळी नगर रस्त्यावरची वाहतूक पार करून पूर्ण शहर ओलांडायचे, संध्याकाळी तसेच परत यायचे आणि त्यातून अभ्यासाला वेळ काढायचा, हे कोणत्याही विद्यार्थ्याला झेपणारे नाही. रामवाडीपासून वाघोलीपर्यंतच्या मेट्रोला केंद्राची मंजुरी जून २०२५ मध्ये मिळाली. मंजुरी मिळणे आणि गाडी धावणे यांत किती वर्षे जातात, हे पुणेकरांनी पाहिलेले आहे, त्यामुळे त्या भरवशावर आज जास्त किंमत देऊ नये.

दुसरी आणि माझ्या मते सर्वांत मोठी बाब पाण्याची आहे. इथल्या अनेक सोसायट्या आजही टँकरवर चालतात आणि तो खर्च देखभाल शुल्कातून वसूल होतो. प्रकल्प दाखवणारा माणूस देखभालीचा जो आकडा सांगतो, त्यात टँकर नसतो. तुम्हाला इथे घर घ्यायचेच असेल, तर त्याच रस्त्यावरच्या पाच-सहा वर्षे जुन्या सोसायटीत जा, सचिवांना भेटा आणि एप्रिल-मे महिन्यांचा टँकरचा खर्च विचारा. बहुतेक सचिव मोकळेपणाने वही दाखवतात. त्या वहीतून परिसराची जेवढी माहिती मिळते, तेवढी कोणत्याही माहितीपत्रकातून मिळत नाही.

महापालिकेत गाव आले म्हणजे महापालिकेचे पाणी आले, असे होत नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा बरेच रुग्ण सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांतले होते आणि पाण्याच्या स्रोतांविषयी प्रश्न उभे राहिले. ही गावेही नव्याने समाविष्ट झालेली आहेत. मुले एकटी राहणार आहेत, तेव्हा पिण्याचे पाणी कुठून येते हे आईने स्वतः विचारून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. धनकवडीतल्या फळ्यावर पाण्याची वेळ लिहिलेली होती, याचा अर्थ तिथे नळाला पाणी येते. अडीच तासांचे का होईना, पण ते नळाचे पाणी आहे.

पायवाट

खातेवही यांच्या हिशेबात चूक काढण्यासारखे काही नाही, तरीही "थांबा आणि भाड्याने राहा" हा सल्ला विद्यार्थ्यांच्या बाबतीत दिसतो तेवढा सोपा नाही. मी परभणीचा. मी आणि माझी बहीण पुण्यात एकत्र शिकत असताना सख्खी भावंडे असूनही आम्हाला सोसायट्या घर द्यायला तयार नव्हत्या. लग्न न झालेली मुले नकोत, आई-वडील सोबत राहणार असतील तर देऊ, अशी उत्तरे मिळत. कुठे घर मिळालेच तर अकरा महिन्यांनी भाडेवाढ किंवा घर रिकामे करण्याचा निरोप यायचा, आणि तो नेमका परीक्षेच्या तोंडावर यायचा. शेवटी वडिलांनी वारज्यात पुनर्विक्रीचा लहानसा वन बीएचके घेतला. त्या घरात बहिणीचे एम.एस्सी. आणि माझे इंजिनिअरिंग पूर्ण झाले. आई महिन्यातून एकदा येऊन आठ दिवस राहायची. त्याची किंमत व्याजदराने मोजता येत नाही.

जागेच्या निवडीविषयी माझे मत स्पष्ट आहे. तुमचे महाविद्यालय आणखी दीड वर्ष, भावाचे चार वर्षे. घर त्यानंतरही राहणार आहे. म्हणून तुम्हाला कॉलेज किती जवळ आहे यापेक्षा, तुम्ही दोघे पुण्याबाहेर गेलात तर त्या घरात कोण राहील, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. माझी नोकरी बंगळूरला आहे आणि वारज्याच्या घरात आता एका रुग्णालयात काम करणाऱ्या दोन परिचारिका राहतात. घर एक महिनाही रिकामे राहिलेले नाही. धनकवडीचे तसेच आहे. कात्रज-धनकवडी पट्ट्यात मोठी शैक्षणिक संकुले आहेत, स्वारगेट जवळ आहे, सोलापूरकडच्या एसटी तिथूनच सुटतात, म्हणजे आई-बाबांनाही येणे सोपे. स्वारगेट ते कात्रज हा भुयारी मेट्रोमार्ग ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झाला आहे. तो वेळेवर झाला तर चांगलेच, नाही झाला तरी सातारा रस्त्यावरची बस आजही आहे.

भाड्याने देण्याचा विचार असेल तर काही गोष्टी आधीच माहीत असाव्यात. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणीकृतच लागतो. मालक स्वतः राहत नसल्यास सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेते. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिकेच्या मिळकतकरात मिळणारी ४० टक्क्यांची सवलतही घर भाड्याने दिल्यावर राहत नाही. भाड्याच्या उत्पन्नाचा हिशेब करताना हे सगळे वजा करावे. माझ्या अनुभवात वर्षाचे भाडे घराच्या किमतीच्या तीन टक्क्यांच्या आसपास येते, त्यामुळे हप्ता भाड्यातून सुटेल अशी आशा बाळगू नये.

तिसऱ्या मजल्याचा आणि लिफ्ट नसण्याचा विचार मात्र जरूर करा. आज तुम्हाला त्याचे काही वाटणार नाही. दहा वर्षांनी गुडघे धरलेली आई तिथे येऊ शकणार नाही आणि विकताना ज्येष्ठ खरेदीदार त्या घराकडे फिरकणार नाहीत. पहिल्या मजल्यावरचे त्याहून लहान घर मिळाले, तर मी ते पसंत करीन.

सिंहगड रस्त्याकडे शोध वाढवणार असाल, तर नदीच्या पुराचे पाणी कुठवर येऊ शकते ते दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा विकास आराखड्याच्या नकाशावर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर एकतानगरीत तळमजल्यांत पाणी शिरले होते.

सोलापूरचा पर्याय मला या कामासाठी योग्य वाटत नाही. तुमचे कोणीच तिथे राहणार नाही, भाडे कमी येते आणि बार्शीहून वारंवार जाऊन घराकडे लक्ष ठेवावे लागेल. आई-बाबांना पुढे औषधोपचारांसाठी सोलापुरात मुक्काम हलवायचा असेल, तर तो वेगळा विचार आहे आणि तो त्यांच्या सोयीने करावा.

दस्तऐवज

मी मिळकतीच्या दस्तांचे काम करणारा वकील आहे. दोन गोष्टी लिहितो: घर कोणाच्या नावावर घ्यावे आणि कागद कोणते पाहावेत.

बाबांना घर तुमच्या नावावर घ्यायचे आहे, यामागची माया समजते. तरीही ते आईच्या नावावर घ्यावे, असे मी सुचवेन. महिलेच्या नावावरील एक टक्क्याची सवलत तशीही मिळतेच. ४२ लाखांवर ४२ हजार वाचतात. मात्र बाबांचे किंवा भावाचे नाव सोबत घातले, तर ही सवलत जाते. दुसरे कारण तुमच्या भविष्याचे आहे. म्हाडाच्या सोडतीत अर्जदार, तिचा पती किंवा अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुले यांच्या नावावर त्या महापालिका हद्दीत मालकीचे घर असेल, तर अर्ज पात्र ठरत नाही. विशीतच तुमच्या नावावर ४३० चौरस फुटांचे घर झाले, तर पुण्यात म्हाडाचे दार तुमच्यासाठी बंद होते. आईच्या नावावरील घरामुळे सज्ञान मुलीची ही पात्रता जात नाही.

तिसरे कारण घरातल्या शांततेचे आहे. वडिलांच्या आयुष्यभराच्या कमाईतून घेतलेले घर एका अपत्याच्या नावावर झाले की, आज कोणाच्या मनात काही नसले तरी पुढे भावंडांत अवघडलेपण येऊ शकते. माझ्याकडे येणारे निम्म्याहून अधिक कौटुंबिक वाद अशाच प्रेमाने केलेल्या व्यवहारांतून आलेले असतात. आईने मृत्युपत्र करून ठेवावे, किंवा पुढे ज्याला द्यायचे त्याला बक्षीसपत्राने द्यावे. आईवडिलांनी मुलाला किंवा मुलीला राहते घर बक्षीस दिल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. बाबांच्या पैशांतून आईच्या नावावर घर घेतल्यास त्याचे भाडे प्राप्तिकरासाठी बाबांच्या उत्पन्नात धरले जाते, एवढे लक्षात असू द्या.

आता कागद. वाघोलीच्या प्रकल्पाचा महारेरा (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारे राज्याचे प्राधिकरण) क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून ताब्याची जाहीर केलेली तारीख, ती आधी वाढवून घेतली आहे का आणि किती घरे विकली गेली, हे पाहा. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे कायद्यातच आहे. त्यामुळे "आजच्या आज भरा, करार नंतर करू" अशी घाई कोणी केल्यास तिथून उठावे. बांधकाम सुरू असलेल्या घराला जीएसटी लागतो. पुण्यासारख्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्र आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असेल तर १ टक्का, अन्यथा ५ टक्के. तुम्ही पाहिलेले घर ५२ लाखांचे आहे, म्हणजे २ लाख ६० हजार केवळ जीएसटीचे झाले. ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीवर खरेदीदाराने विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (उगमस्थानी कर) कापून भरायचा असतो, तोही विसरू नये. धनकवडीच्या जुन्या घराला या दोन्ही गोष्टी लागत नाहीत.

धनकवडीच्या घरासाठी मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला), आधीच्या सर्व खरेदीखतांची साखळी, सूची दोन (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा), सोसायटीचे भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट), मिळकतकराची पावती आणि सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, हे पाहावे. शेवटची बाब लोक सोडून देतात. इमारत तीस वर्षांची आहे, पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पुनर्विकासाचा विषय निघणारच आणि जमीन सोसायटीच्या नावावर नसेल तर तो तिथेच अडतो. त्या परिसरात गुंठेवारीतल्या (शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून विकलेल्या जागेवरच्या) आणि मंजुरीशिवाय झालेल्या इमारती बऱ्याच आहेत, म्हणून मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून काढून घ्या. हे सगळे हातात येईपर्यंत विसार (आगाऊ रक्कम) देऊन विसार पावती करू नका. मालक काही रक्कम रोखीने मागतील. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि रोख दिलेल्या रकमेचा तुमच्याकडे कोणताही पुरावा राहत नाही.

भगवंतनगरी

सर्वांचे मनापासून आभार. बाबांना सगळे प्रतिसाद फोनवर वाचून दाखवले. त्यांनी वाघोलीचा विचार सोडला आहे आणि १५ लाख बाजूला ठेवण्याचे मान्य केले आहे. घर आईच्या नावावर घ्यायचे ही सूचना ऐकून आई आधी नको म्हणत होती, पण पुढे भावंडांत अवघडलेपण येऊ नये, हा मुद्दा तिला पटला.

खातेवही, तुमच्या हिशेबाप्रमाणे आमचे स्वतःचे २० लाख आणि बाबा १२ लाखांपर्यंत कर्ज घेणार, असे धरले आहे. हप्ता साधारण १३,३०० रुपये येईल आणि सध्या माझ्या पीजीचे जे साडेनऊ हजार जातात, ते त्यात वळते होतील. सगळे खर्च धरून ३२ लाखांत बसायचे तर घर २८ लाखांच्या आसपास हवे. या रकमेत वन रूम किचन मिळेल. आम्हा दोघांना तेवढे पुरेल. हे योग्य आहे का?

दस्तऐवज, त्याच धनकवडीच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर वन रूम किचन विकायचा आहे, असे काकूंकडून कळले. सचिवांकडे भोगवटा प्रमाणपत्र मागितले, तर ते म्हणाले की त्यांच्याकडे फक्त बांधकाम परवानगीची प्रत आहे आणि महापालिकेत चौकशी करून काही सापडले नाही. अशा वेळी पुढे जावे की नाही?

खातेवही

हा हिशेब मला पटतो. कर्ज बदलत्या व्याजदराचे घ्या. अशा वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेड केल्यास बँकेला दंड आकारता येत नाही, त्यामुळे तुम्हाला नोकरी लागली की जादा रक्कम भरून ते लवकर संपवता येईल. मात्र विसार देण्याआधी बँकेच्या मूल्यमापकाकडून इमारत पाहून घ्या आणि वन रूम किचनला कर्ज देण्याबाबत बँकेची क्षेत्रफळाची काही अट आहे का, तेही विचारा.

दस्तऐवज

प्रमाणपत्र महापालिकेत सापडले नाही, यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. आजूबाजूची गावे १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आली, त्यांत धनकवडीही होती. इमारत १९९४ ची असल्यामुळे तिला परवानगी महापालिकेने दिलेलीच नसणार. सचिवांकडच्या प्रतीवर कोणत्या कार्यालयाचा शिक्का आहे आणि परवानगीचा क्रमांक व दिनांक काय आहे, हे आधी पाहा. त्या काळात अशा गावांत जिल्हाधिकारी कार्यालयाकडून अकृषिक परवानगी (जमीन शेतीशिवाय इतर कामाला वापरण्याची परवानगी) आणि नगररचना विभागाच्या शिफारशीने नकाशा मंजूर होत असे. त्या क्रमांकाच्या आधारे जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज करा आणि अकृषिक आदेश, मंजूर रेखांकन व बांधकाम पूर्णत्वाची नोंद यांच्या प्रमाणित प्रती मागा. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते.

अकृषिक आदेश आणि मंजूर नकाशा मिळाले आणि प्रत्यक्ष इमारत त्या नकाशाबरहुकूम असेल, तर पूर्णत्वाच्या दाखल्याची उणीव भरून काढण्याचे मार्ग आहेत आणि बँकाही अशा प्रकरणांचा विचार करतात. नकाशात तीन मजले आणि प्रत्यक्षात चार असतील, तर घर पहिल्या मजल्यावर असले तरी सोडून द्या, कारण पुढे नियमितीकरण आणि पुनर्विकास या दोन्हींत पूर्ण सोसायटी अडकते. मालकांना हे तीस दिवस थांबायचे नसेल, तर त्यांना दुसरा खरेदीदार पाहू द्या. माहिती अधिकाराचा अर्ज बाबांच्याच नावाने करा आणि पोच जपून ठेवा; मुदतीत उत्तर आले नाही, तर प्रथम अपिलाचा मसुदा मी इथे लिहून देईन.